वरच्या फळीवरचा साचा

शटर अर्धं वर होतं, म्हणजे काम शिकायला येणारी पोरगी येऊन कुठेतरी गेली होती. तो वाकून आत शिरला, गुडघ्याला एक शिवी घातली, चष्मा पुसला, आणि खिडकीखालच्या टेबलावर त्याला एक टाळू दिसली. तसा तो नुसता प्लास्टरचा साचा होता, वरच्या जबड्याचा. असे साचे त्या खोलीत पाय ठेवाल तिथे होते, कारण त्या खोलीत कवळ्या बनत. शहरातले दातांचे डॉक्टर माणसांच्या तोंडाचे ठसे घेत, ते डब्यांतून इथे येत, त्यांत प्लास्टर ओतलं की तोंड तयार होई, त्या तोंडावर मेणात दात बसवले जात, मग मेणाच्या जागी गुलाबी प्लास्टिक भरून कवळी परत जाई. आजूबाजूचे दुकानदार त्याला कवळीवाले काका म्हणत. माणसांचे चेहरे तो सहज विसरे, पण टाळू विसरत नसे. टाळूच्या पुढच्या भागात ज्या बारीक वळ्या असतात त्या दोन माणसांच्या कधी सारख्या नसतात, आणि या टाळूवरची तिसरी वळी मधेच तुटून थोडी खाली पुन्हा सुरू होत होती. ती त्याने अंधारातही बोटाने ओळखली असती. तो साचा त्याच्या बायकोच्या तोंडाचा होता. तिच्या तरुणपणीच्या तोंडाचा. आणि त्याचे समोरचे चार दात कुणीतरी करवतीने कापून, जागा घासून सपाट करून टाकली होती.

तो खुर्चीवर बसला. कापलेल्या जागी गुलाबी मेण होतं आणि मेणात तयार दात बसवलेले होते, नवशिक्याने सरावाला बसवतात तसे. टेबलाच्या कडेला पांढऱ्या भुकटीची लहानशी रांग होती, झाडून घ्यायची राहिलेली. त्या भुकटीकडे तो बघत राहिला. हात लावला नाही. आपल्याला राग आला आहे असं त्याला वाटलं, मग वाटलं की हा राग नाही, पायरी आहे समजून पाय टाकावा आणि पायरी नसावी तसं झालं आहे. गेल्या हिवाळ्यापासून हे अधूनमधून होई. दोन कप काढताना होई. खोलीत कुणी खोकलं की होई. पण त्या वेळी दोष द्यायला कुणी नसे. आज होतं. पोरगी नळावर पाणी भरायला गेली असेल, येईलच आता. आणि दुपारी तिला इथे पाठवणाऱ्या सरकारी योजनेच्या बाई यायच्या होत्या, पोरीला पुढे ठेवणार की परत पाठवणार ते विचारायला. किती सोपं झालं, त्याच्या मनात आलं, आणि तसं मनात आल्याची त्याला लगेच लाज वाटली.

दोष द्यायचा तर नीट द्यायला हवा होता. साच्याच्या तळाला पेन्सिलीने डॉक्टरचं नाव आणि पेशंटचं आडनाव लिहायचं, ही दुकानाची पद्धत. काम पोचलं की साचा काही महिने खालच्या फळीवर, मग वरच्या फळीवर, मग कचऱ्यात. पोरगी आली त्याच दिवशी त्याने तिला सांगितलं होतं, ‘‘सरावाला वरच्या फळीवरचे घे. आणि ज्याच्यावर नाव नाही तो कुणाचाच नाही, तो बिनधास्त काप.’’ हे वाक्यही त्याचं नव्हतं, त्याच्या म्हाताऱ्या मालकाचं होतं. बायकोच्या साच्यावर नाव नव्हतं. तो कुणाचा हे आपण विसरू असं त्याला कधी वाटलं नव्हतं, आणि दुसरं कुणी विचारायला येणार नव्हतं. तो वरच्या फळीच्या टोकाला, रिकाम्या डब्यांच्या मागे, इतकी वर्षं निवांत बसून होता.

पोरगी दुकानात आली ती लेकीच्या आग्रहाने. लेक दुसऱ्या शहरात नोकरीला, रोज संध्याकाळी फोन करून तेच म्हणायची, ‘‘बाबा, दुकानात कुणीतरी हवं तुमच्याबरोबर. सरकारची योजना आहे, शिकलेल्या बेकार पोरांना सहा महिने कामावर पाठवतात, पगारही तेच देतात. तुम्हाला फक्त शिकवायचंय.’’ तो म्हणे, शिकवायचंच तर अवघड आहे. शेवटी लेकीनेच परस्पर अर्ज भरला. पोरगी आली ती भिंतीला चिकटून उभी राहिली. पदवीधर होती. याच योजनेतून आधी एका छापखान्यात जाऊन आली होती. तो बंद पडला आणि तिला परत पाठवलं. ‘‘तिथे काय शिकलीस?’’ त्याने विचारलं. ‘‘चहाचे कप विसळायला,’’ ती म्हणाली. ‘‘घरी रोज विचारायचे, आज काय शिकलीस. मी मशीनची नावं पाठ करून सांगायचे.’’ हे ऐकून तो कित्येक महिन्यांनंतर पहिल्यांदा हसला होता. डॉक्टरांकडून डबे आणणारा माणूस तिला ‘सरकार’ म्हणू लागला, पगार सरकार देतं म्हणून. दारातूनच ओरडे, ‘‘सरकार आहे का जागेवर? की पडलं?’’ पोरगी प्लास्टर ढवळता ढवळता म्हणे, ‘‘बहुमत आहे अजून, डबे ठेवा आणि निघा.’’ ती कुठे बसणार हा प्रश्न मात्र अवघड होता. खिडकीखालचं टेबल बायकोचं. कवळ्यांना पॉलिश ती करी, आणि तिथेच उजेड चांगला. त्याने पोरीला आधी दारामागे बसवलं, आणि मग एक दिवस ती अंधारात डोळे बारीक करून मेण खरवडताना दिसली तेव्हा म्हणाला, ‘‘जा, तिकडे बस,’’ आणि स्वतः बाहेर जाऊन उगाच कुलपाला तेल देत बसला.

तोही असाच आला होता. त्या काळी योजनेचं नाव वेगळं होतं, रांग तीच होती. रोजगार कार्यालयाच्या लांब खोलीत पंखा होता आणि तो कुणाच्याच अंगावर वारा टाकत नव्हता. त्याच्या पुढच्या माणसाने मोटारदुरुस्तीची शेवटची जागा घेतली. खिडकीतल्या कारकुनाने मान वर न करता विचारलं, ‘‘दातांचं आहे एक. करतोस?’’ त्याला वाटलं डॉक्टरच्या हाताखाली काम असेल, पांढरा कोट असेल. करतो म्हणाला. घरी बायकोला, तेव्हा लग्नाला वर्षही झालं नव्हतं, ऐटीत सांगितलं की मी दातांकडे जाणार. दुसऱ्या दिवशी तळघरासारख्या खोलीत एका म्हाताऱ्याने त्याच्या हातात प्लास्टरची बादली दिली. तो संध्याकाळी पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा पांढरा होऊन घरी आला, आणि बायको दारात उभी राहून इतकी हसली की शेजारीण बाहेर आली. ‘‘डॉक्टरसाहेब,’’ ती म्हणाली, ‘‘आधी न्हाऊन घ्या.’’

त्या कारकुनाचा चेहरा त्याला आठवत नव्हता. आठवायचा फक्त कपाळावरचा केसांचा झुपका आणि टेबलावर टकटक करणारं पेन. त्याने त्या दिवशी दुसरा कागद वर ठेवला असता तर हे सगळं, ही खोली, हे हात, लेकीचं शिक्षण, दुसऱ्याच कुणाचं झालं असतं. असल्या माणसाचे आभार मानायचे तरी कसे? म्हाताऱ्या मालकाचे त्याने मानले होते, मालक मरायच्या आधी, आणि मालक म्हणाला होता, ‘‘माझे कसले? मला तर फुकटात माणूस हवा होता.’’

ठसा घ्यायला शिकायचं म्हटलं की तोंड हवं. मालकाचं तोंड बिनदाताचं, त्याचं स्वतःचं त्याला दिसेना. त्याने मालकाला विचारून ठसा घ्यायची गुलाबी पावडर पुडीत बांधून घरी आणली आणि स्वयंपाकघरात बायकोला खुर्चीवर बसवलं. ‘‘दुसऱ्या कुणाचं तोंड मिळालं नाही का?’’ ‘‘दुसऱ्या कुणाच्या तोंडात हात घालू?’’ यावर तिचं तोंड आपोआप उघडलं, काहीतरी बोलायलाच, आणि त्याने ती संधी साधून कालवलेल्या पावडरने भरलेला ट्रे आत बसवला. ती घुसमटली, तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्यातच तिला हसू फुटलं. पावडर घट्ट होईपर्यंत हलायचं नसतं. तो तिचं डोकं पोटाशी धरून उभा होता, ‘‘हलू नकोस, हलू नकोस,’’ म्हणत, आणि तिचं हसू ट्रेच्या दांड्यातून त्याच्या हाताला लागत होतं. पहिला ठसा वाया गेला. दुसऱ्यातून हा साचा निघाला. तिच्या डाव्या सुळ्याच्या अलीकडचा दात शेजारच्या दातावर किंचित चढलेला होता, खांद्यावरून डोकावून बघणाऱ्या माणसासारखा. लग्नात त्याला ते दिसलंही नव्हतं. साच्यात बघितल्यावर दिसलं, आणि मग आयुष्यभर ती हसली की त्याला आधी तोच दात दिसे. पुढे हात बसल्यावर, नव्या कारागिराच्या तोऱ्यात, तो तिला म्हणाला होता की डॉक्टरला सांगून तो जरा घासू, वर टोपी बसवू, सरळ दिसेल. ती म्हणाली, ‘‘तोंड कुणाचं आहे?’’ तो विषय तिथेच संपला. इस्पितळात शेवटच्या दिवसांत नर्सने सांगितलं होतं, कवळी असेल तर काढून ठेवा. तो म्हणाला, सगळे तिचे स्वतःचे आहेत. अख्ख्या शहराला दात करून देणाऱ्याची बायको स्वतःच्या दातांनिशी निघाली होती. त्याला तेव्हा अभिमान वाटला होता, नर्सला आणखी कुणाला तरी बोलावून सांगावंसं वाटलं होतं, आणि ते आठवून नंतर कित्येक दिवस झोप आली नव्हती.

पोरगी दोन बादल्या घेऊन आली. ‘‘काका, बघितलंत?’’ तिच्या आवाजात कौतुक करून घ्यायची घाई होती. मग तिने त्याच्याकडे पाहिलं आणि बादल्या खाली ठेवल्या. ‘‘चुकलं का काही?’’

‘‘हा कुठून काढलास?’’

‘‘वरच्या फळीवरून. डब्यांच्या मागे होता. नाव नव्हतं.’’ मग म्हणाली, ‘‘तुम्हीच म्हणालात ना.’’

‘‘हो. मीच म्हणालो.’’

ती ओले हात ओढणीला पुसत राहिली. मग हलक्या आवाजात म्हणाली, ‘‘बाई आज येणार ना, काका?’’ तो म्हणाला, येणार. दोघांनाही ठाऊक होतं. एकदा परत आलेल्याला योजना दुसरी जागा देते, दुसऱ्यांदा परत आलेल्याला देत नाही. मग नाव कमी होतं आणि घरी जाऊन पुन्हा काहीतरी पाठ करून सांगावं लागतं. तिने कोपऱ्यातून झाडू घेतला आणि टेबलाकडे वळली, भुकटी दिसल्यामुळे, काहीतरी करायला म्हणून. ‘‘राहू दे,’’ तो एवढ्या जोरात म्हणाला की ती दचकली. ‘‘राहू दे ते. प्लास्टर ढवळ जा.’’

तो बाहेर पायरीवर येऊन बसला आणि त्याने लेकीला फोन लावला, असा भर सकाळी कधी लावत नसे. ती घाबरूनच म्हणाली, ‘‘काय झालं?’’ ‘‘काही नाही. आईचा साचा कापला गेला.’’ ‘‘कसला साचा?’’ त्याने सांगितलं. ‘‘बाबा, आईचा साचा होता? आणि मला कधी दाखवला नाहीत?’’ दाखवायचं काय, तो म्हणाला, शेकड्यांनी साचे आहेत इथे. ‘‘तो दात होता का त्यात? वाकडा?’’ होता. लेक म्हणाली, ‘‘माझाही तसाच होता. माझा तुम्ही तार लावून सरळ केलात. हल्ली आरशात बघताना मला वाटतं, राहायला हवा होता.’’ तो म्हणाला, तूच रडत होतीस, मैत्रिणी चिडवतात म्हणून. ‘‘हो, मीच रडत होते,’’ लेक म्हणाली, आणि ती आताही रडते आहे हे त्याला कळलं. ‘‘त्या मुलीला ओरडलात का?’’ नाही म्हणाला. ‘‘ओरडू नका. तिला काय माहीत.’’ फोन ठेवल्यावर तो तसाच बसून राहिला. समोर कुलपं विकणाऱ्याने दुकान उघडून हात केला, यानेही केला. तिला काय माहीत. खरंच होतं. त्याच्याखेरीज कुणालाच काही माहीत नव्हतं, आणि हे असंच चालू राहिलं तर एक दिवस तोही जाईल आणि तो दात असा कुठे होता हे सांगायला पृथ्वीवर कुणी उरणार नाही. लेकीला वाकडा एवढंच आठवत होतं. किती वाकडा, कुठल्या बाजूला, कसा चढलेला, ते कुणाला ठाऊक होतं?

तो आत आला. भिंग डोळ्याला लावलं, साचा पहिल्यांदा हातात घेतला आणि खिडकीकडे धरला. मेणाचं काम खरबरीत होतं, हिरडीची कड जाड झाली होती, नवशिक्याचं काम. दात दुकानातले, सरळ, एकसारखे. पण डाव्या सुळ्याच्या अलीकडचा दात शेजारच्यावर चढलेला होता. किंचित. जेवढा हवा तेवढाच, आणि वळलेलाही त्याच बाजूला. त्याने भिंग काढलं, पुन्हा लावलं. तयार दात आपणहून असे बसत नाहीत. ते सरळ बसायला बनवलेले असतात. तसा बसवायचा तर मागून घासावा लागतो, मेण पुन्हा पुन्हा पातळ करावं लागतं, आणि हाताने एकदा नाही, अनेकदा हरावं लागतं.

‘‘इकडे ये,’’ तो म्हणाला. पोरगी आली, प्लास्टरची वाटी हातातच. ‘‘हा असा का बसवलास?’’

‘‘तसाच होता.’’

‘‘तुला कसं कळलं? कापून टाकल्यावर?’’

‘‘तुम्हीच सांगितलं होतं ना, कापायच्या आधी पुट्टी लावून पुढच्या बाजूचा ठसा घेऊन ठेवायचा.’’ तिने खण उघडला आणि चिंधीत गुंडाळलेला हिरवट पुट्टीचा तुकडा काढला. ‘‘हा बघा. यात दात धरून बघत बघत बसवले. कालची अख्खी दुपार याच्यातच गेली, तुम्ही डॉक्टरांकडे होता तेव्हा. तो एक काही केल्या बसेना. सरळ केला असता तर पटकन झालं असतं, दिसलंही छान असतं.’’

‘‘मग नाही केलास?’’

ती जरा गोंधळली, जणू त्याने तिला विचारलं की पाणी खाली का वाहतं. ‘‘तोंड माझं नव्हतं ना, काका.’’

त्याने पुट्टीचा तुकडा घेतला. आतल्या बाजूला चार खळगे होते. हे त्याने ती आली त्याच्या दुसऱ्या दिवशी तिला सांगितलं होतं आणि मग स्वतःच विसरून गेला होता. नवी मुलं असल्या गोष्टी कधी करत नाहीत, त्याने स्वतःही शिकताना केली नव्हती, म्हातारा मालक त्यावरून त्याला गाढव म्हणाला होता. त्याने अंगठ्याचं टोक त्या तिरक्या खळग्यात घातलं. तिथे तो होता. सगळा. करवत लागायच्या आधीचा, बायकोच्या तरुणपणीचा, ट्रेच्या दांड्यातून हसू हाताला लागलं त्या दिवसाचा. तो अंगठा तसाच धरून उभा राहिला. आणि त्याला मग दुसरी गोष्ट लक्षात आली, ती पहिलीहून मोठी होती. एक परकी पोरगी, जिने त्याच्या बायकोला कधी पाहिलं नव्हतं, एक अख्खी दुपार तिच्या त्या दाताकडे बघत बसली होती. तिच्याच टेबलाशी, तिच्याच उजेडात. घासत, लावून बघत, पुन्हा काढत. त्याच्यासारखीच. आता त्याच्याशिवाय आणखी कुणाच्या तरी हाताला ते वळण ठाऊक होतं.

‘‘कुणाचं होतं, काका?’’ पोरीने विचारलं. तिला एव्हाना काहीतरी कळलं असावं, कारण ती वाटी खाली ठेवून विचारत होती.

‘‘तुझ्या काकूंचं.’’

तिने दोन्ही हात तोंडावर नेले. प्लास्टर गालाला लागलं. ‘‘मी... काका, मी फळीला हात लावायला नको होता.’’ ‘‘वेडी आहेस का,’’ तो म्हणाला. ‘‘गाल पूस आधी. वाळलं तर सालपट निघेल.’’ ती रडायला लागली, आणि त्याला काय करावं सुचेना, म्हणून त्याने तिला पाणी दिलं आणि सांगितलं, की काकू असत्या तर या वेळी हसत सुटल्या असत्या, त्यांना प्लास्टर लागलेला माणूस बघितला की हसू आवरत नसे.

योजनेच्या बाई दुपारी आल्या, घामाघूम, हातात फायलींची थप्पी. खुर्चीत बसून त्यांनी पदराने वारा घेतला आणि म्हणाल्या, ‘‘आज सकाळपासून तीन जणांनी मुलं परत दिली बघा. एक म्हणतो मोबाइल बघतो, एक म्हणतो काही येत नाही. येत असतं तर आम्ही पाठवलं असतं का? तुमचं काय, काका? ठेवताय?’’ पोरगी बादलीपाशी पाठमोरी बसली होती. वाटी धुऊन झाली होती तरी तिचे हात पाण्यातच होते.

‘‘तक्रार आहे एक,’’ तो म्हणाला. बाईंनी पेन काढलं. ‘‘सांगितलेलं सगळं ऐकते. हल्लीच्या पोरांना शोभत नाही.’’

बाई हसल्या, मग त्यांना खात्री करून घ्यावीशी वाटली. ‘‘म्हणजे ठेवताय ना?’’

‘‘सहा महिने सरकार ठेवेल. पुढे मी ठेवेन. जमेल तेवढा पगार देईन.’’ आणि मग, बाई उठता उठता, तो म्हणाला, ‘‘तुमचे आभार.’’ बाई म्हणाल्या, ‘‘माझे कसले हो, मला तर जागा भरायच्या असतात.’’ तो म्हणाला, ‘‘असू दे. घ्या तरी.’’ पूर्वी एका खिडकीत मान खाली घालून बसलेल्या माणसाला द्यायचे राहिलेले होते, ते कुणाला तरी पोचायला हवे होते. बाईंना त्यातलं काही कळलं नाही. पण दारात डबेवाला भेटला आणि ‘‘सरकार टिकलं का?’’ म्हणाला, तेव्हा त्याच म्हणाल्या, ‘‘टिकलं की. पूर्ण मुदत.’’

ऊन खिडकीतून टेबलावर आलं तसं त्याने साचा उचलून सावलीत ठेवला. ‘‘मेण उन्हात राहत नाही,’’ तो म्हणाला. ‘‘हे पक्कं करू या. मेण काढून प्लास्टिक भरू. हिरडीची कड आधी बारीक कर, फार जाड झालीय.’’

‘‘पण घालणार कोण?’’ पोरीने विचारलं आणि जीभ चावली.

‘‘कुणी नाही. शिकायचं म्हणून करायचं. मीही हा साचा तसाच केला होता.’’ त्याने कानावरची पेन्सिल काढून तिच्यापुढे धरली. ‘‘आणि आधी तळाला लिही. नाहीतर उद्या आणखी कुणी येईल शिकायला आणि कापेल.’’

तिने साचा हलक्या हाताने उलटा केला. बायकोच्या तोंडाचा तळ, इतक्या वर्षांचा कोरा. ‘‘काय लिहू? डॉक्टर तर नाहीत.’’

त्याने पुट्टीचा तुकडा उचलून अंगठा पुन्हा त्या खळग्यात घातला.

‘‘घरचा,’’ तो म्हणाला. ‘‘घरचा, एवढंच लिही.’’